झाऱ्याने वाचवलेलं गोडं पाणी

एकाच प्रवाहातून काढलेला लाव्हा शनिवारी काच आणि रविवारी दगड कसा होईल? दोन्ही तुकडे माझ्यासमोर टेबलावर होते. शनिवारचा काळाभोर, बाटलीच्या काचेसारखा चकचकीत. रविवारचा करडा आणि बोटाला खरखरीत लागणारा. जागा तीच, आणायला गेलेलाही आमचा झाराच.

झारा म्हणजे यंत्रमानव. त्याचं खरं नाव हातभर लांब आहे, पण त्याचा लांब दांड्याचा हात पाहून मी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं उरकून टाकलं. मी ऋजुता, लोणावळ्याची. आमचा घरचा चिक्कीचा कारखाना आहे, त्यामुळे झारे मी जन्मापासून बघतेय. दिवाळीच्या सुट्टीत आईच्या खनपटीला बसून मी मालूआत्याच्या संशोधन-जहाजावर आले होते. आत्या ज्वालामुखींचा अभ्यास करते. अंदमानच्या समुद्रात एका निर्मनुष्य बेटासमोर आम्ही नांगर टाकला होता आणि बेटावरच्या डोंगरातून लाव्हा वाहत होता.

सोमवारी सकाळी आत्या आणि तिचे चार सहकारी भूकंपमापक (जमिनीचे हादरे मोजणारं यंत्र) बसवायला त्या बेटावर उतरणार होते. उतरायचं की नाही, ते या तुकड्यांवर ठरणार होतं.

आत्याने पूर्वी स्वतः लाव्हा काढलाय. अंगात उष्णता अडवणारा जाड पोशाख, तोंडावर जाळी, हातात लांब पोलादी सळई. वरची काळी पडलेली साय सोडून खालच्या लालभडक लाव्हात सळई खुपसायची, पीळ द्यायचा आणि चिकटून आलेला गोळा तडक पाण्याच्या बादलीत बुडवायचा. कुठे आणि कधी काढला त्याची नोंद करायची. आता हे सगळं झारा करतो. मग जहाजावर त्या तुकड्याची चकती घासून घासून इतकी पातळ करतात की उजेड आरपार जातो, आणि ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात.

रविवारची चकती स्फटिकांनी (ठरावीक आकारात वाढणाऱ्या खड्यांनी) गच्च भरली होती. स्फटिक वाढायला वेळ लागतो, आत्याने समजावलं. म्हणजे हा लाव्हा डोंगराच्या पोटात बराच काळ निवत पडला होता. खालून ताजा मॅग्मा (जमिनीच्या पोटातला वितळलेला खडक) येत नाही, डोंगर थकलाय. सगळ्यांनी उतरायची तयारी सुरू केली. मला मात्र भीती वाटत होती, उगाच खोटं कशाला सांगू? आत्याही तो करडा तुकडा हातात घेऊन पुन्हा पुन्हा फिरवत होती.

जहाजाचे आचारी खोतमामा देवगडचे. लोणावळ्याची पोरगी जहाजावर येऊन चिक्की न करता जाते म्हणजे काय, असं ते दोन दिवस मला चिडवत होते. म्हणून दुपारी मी साखरेचा पाक ठेवला. पाक झाला का बघायला त्याचा थेंब थंड पाण्याच्या वाटीत टाकतात. मी दोन थेंब टाकले. एक चावून पाहिला, तो दाताखाली कट्‌कन मोडला. पण ऐनवेळी मामांना शेंगदाणे सापडेनात. डबे उघडता उघडता ते कढईतही झारा फिरवत राहिले, आणि पाक हळूहळू निवत साखरला. पांढरा, रवाळ गोळा! मामा कपाळाला हात लावून बसले.

मी वाटीत पाहिलं. पाण्यात पडलेला दुसरा थेंब काचेसारखा स्वच्छ होता. कढईत मात्र खडेच खडे. पाक तर एकच होता.

मी धावतच झाऱ्याकडे गेले आणि विचारलं, "आज सकाळी लाव्हा पाण्यात बुडवलास का?"

"नाही," झारा म्हणाला. "गोडं पाणी वाचवलं."

मग सगळा उलगडा झाला. शनिवारी तो पिण्याच्या पाण्याची बादली भरून निघाला, तेव्हा मामांनी त्याला झाडलं होतं. समुद्रावर गोड्या पाण्याचा थेंबही सांडायचा नाही, हा त्यांचा कायदा. समुद्राचं पाणी आत्याने मना केलं होतं, कारण मीठ नमुन्यात मिसळतं. बिचाऱ्याने दोघांचंही ऐकलं. रविवारी लाव्हा तसाच गरम डब्यात ठेवून आणला, आणि त्यातले स्फटिक डोंगरात नव्हे, डब्यात वाढले.

मी हे सगळं आत्याला सांगितलं. मग तिने माझे दोन्ही खांदे धरले. "आपण दगडाला सगळं विचारलं गं. बादलीला विचारायचं राहिलं."

या वेळी खोतमामांनी स्वतः बादली भरली, तीही काठोकाठ. संध्याकाळच्या आत झारा परतला. नवा तुकडा काळा, चकचकीत, काचच! पाण्याने लाव्हाला गोठवून टाकलं होतं, जसा तो डोंगरातून निघाला तसाच. आत्याने त्यातलं मॅग्नेशियम (एक हलका धातू) मोजलं. लाव्हा निवू लागला की मॅग्नेशियम आधी स्फटिकांत जाऊन बसतं आणि उरलेल्या काचेत कमी होतं. इथे ते शनिवारपेक्षाही जास्त निघालं. म्हणजे लाव्हा आणखी तापला होता. खालून ताजा मॅग्मा चढत होता. डोंगर थकला नव्हता, दम घेत होता.

आत्याने उतरणं रद्द केलं आणि जहाज आणखी लांब नेलं. काहीजण कुरकुरले. सोमवारी आम्ही नाश्त्याला बसलो असताना डोंगराची कड फुटली. होडी जिथे लागणार होती, तो सगळा किनारा बघता बघता लाव्हाखाली गेला. कुरकुरणारेच सगळ्यात आधी झाऱ्याच्या गळ्यात पडले. जहाजाचा भोंगा वाजला, आत्या रडत हसत होती, आणि मी इतकी नाचले की चप्पल समुद्रात गेली.

ही रीत नीट बसली की ज्वालामुखींच्या पायथ्याशी राहणाऱ्या गावांनाही वेळेवर हलवता येईल, असं आत्या म्हणते. मी मोठी झाले की तेच काम करणार आहे, घरी अजून सांगितलेलं नाही.

खोतमामांनी त्या दिवशी एक बादली लाल रंगवली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी टांगली. रोज सकाळी पहिलं गोडं पाणी ते तिच्यात भरतात, चहाचं आधण त्यानंतर.