दोघांच्या दोरीतल्या गाठी

समोरच्या बुटाला मी खिळ्यांची चौकट चढवली, पट्टा आवळला आणि वर न बघताच म्हटलं, "पाय जरा फाकवून चाला. नाहीतर खिळे स्वतःच्याच पँटमध्ये अडकून पडाल."

"बरं. पण मला दुसराही पाय आहे."

मी मान वर केली. वाऱ्यानं रापलेला चेहरा, भुवईत जुना व्रण, ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू… मागून आमचा मालक गस ओरडला, "डेला, तो पाहुणा नाही गं. एमॉस आहे, आपला नवा वाटाड्या."

माझे कान तापले. "मग सांगायचं नाही का?"

"सांगणारच होतो," एमॉस म्हणाला, "पण माझ्या पायांची इतकी काळजी आजवर कुणी केली नव्हती."

नवा वाटाड्या म्हणजे माझ्या जागेवरचा. आमच्या या अलास्कातल्या गावात हिमनदी दाराशी येऊन थांबते, आणि तिच्यावरून माणसं शिखराकडे नेणं हेच आमचं पोट. माझी लेक विनी होईपर्यंत दोरीच्या पहिल्या टोकाला मी असायचे. मग तिचा बाप दक्षिणेला गेला तो गेलाच… आणि मी शेडमध्ये बसून लोकांच्या बुटांना खिळे बांधू लागले. मी पडले तर हिला कोण? या एका प्रश्नापुढे माझे पाय उचलत नव्हते. गसनं शेवटचं सांगितलं होतं, "रविवारपर्यंत ठरव. मोठ्या चढाईत पुढे तू, की एमॉस?"

एमॉस शेडमध्ये रोज यायचा. एकदा विनीसाठी ओंजळभर ब्लूबेरी घेऊन आला. मी एकेक निवडून पाहायला लागले.

"विष नाही हो त्यात."

"आई आहे मी. मला सगळं बघावं लागतं."

"मग मला कधी बघणार?"

"तुम्हालाही बघतेच आहे," मी म्हणून गेले, आणि उगाचच एक घट्ट पट्टा पुन्हा आवळला.

शनिवारी तो म्हणाला, "यंदाची वाट दाखवाल? पुढे मी चालतो. तुम्ही मागून फक्त रागवा."

विनीला गसच्या बायकोकडे, रूथकडे सोडलं. वळून वळून तिची टोपी सारखी केली. रूथनं शेवटी मला दाराबाहेर ढकललं.

बर्फावर पाऊल पडलं आणि छातीत काहीतरी जुनं जागं झालं. दोरी बांधताना मी म्हटलं, "मधे गाठी मारा."

"गाठी? आधीच्या कामावर आम्ही एका दोरीला चौघं-पाचजण असायचो. एक पडला की बाकीचे धरायचे."

"इथे धरायला मी एकटीच. तुम्ही बर्फातल्या भेगेत गेलात तर दोरी कडेच्या बर्फात रुतेल आणि गाठ तिथे अडकेल. तेवढाच मला आधार."

"मी पडणारच नाही—"

"मारा म्हटलं ना."

त्यानं निमूट मारल्या.

उन्हं चढली तसा बर्फ मऊ पडला. एमॉस मागे वळून काहीतरी बोलायला गेला… आणि दिसेनासा झाला. दोरीनं मला फरफटत ओढलं. मी पालथी पडले, हातातल्या बर्फकुऱ्हाडीचं पातं खाली खुपसलं, खिळे अडकू नयेत म्हणून दोन्ही बूट वर उचलून गुडघे रोवले. ओढ थांबेना. मग खाली कुठेतरी एक गाठ कडेला अडकली, आणि मी थांबले.

मी त्याला धरलं होतं.

"डेला?" भेगेतून आवाज आला. "इथे फार निळं आहे."

"लागलंय का तुला?"

"फक्त अभिमानाला. आणि ऐक, मला तू खूप—"

"लटकलेल्या माणसाचं बोलणं मी मनावर घेत नाही. आधी वर ये."

खुंटी ठोकली, दोरी तिला बांधली, जास्तीच्या दोरीचं टोक खाली सोडलं. दोरीवर सरकणाऱ्या फासात पाय रोवत तो वर आला. गालाला खरचटलेलं, पापण्यांवर बर्फ. मी त्याची टोपी सारखी केली… नको तेवढा वेळ.

"उतरू या," मी म्हटलं. "मी सांगेन तिथेच पाय ठेव."

शेडच्या पायरीवर विनी रूथच्या मांडीवर बसली होती. गस हातातलं काम टाकून उठला. एमॉसचा गाल पाहून विनी म्हणाली, "कोण पडलं?"

"मी."

"कुणी धरलं?"

"तुझ्या आईनं. एकटीनं." मग गसकडे वळून तो म्हणाला, "मोठ्या चढाईत पुढे ही. मी हिच्या मागे."

"मी अजून हो कुठे म्हटलंय?" मी विचारलं.

"मग म्हण की," गस म्हणाला.

मी विनीकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती, मान वर करून, गावातली पोरं शिखराकडे पाहतात तशी.

"पुढे मी," मी म्हटलं.

विनीला मात्र तेवढ्यानं समाधान नव्हतं. तिनं एमॉसची बाही ओढली. "आईनं धरलं, म्हणजे तू आईचा?"

तो लाल झाला. "मी तेच विचारणार होतो… पण तुझी आई लटकलेल्या माणसाचं ऐकत नाही."

"आता जमिनीवर आहेस की," मी म्हटलं.

"डेला… मी तुझा?"

"हो," मी सगळ्यांदेखत म्हटलं, आणि मान मुळीच खाली घातली नाही.