कमेंटमधले तीन कोट

दुकान उघडायच्या आधीच मामांचा फोन आला. "ताबडतोब ये. अब्रू गेली आपली!"

मामांच्या शिंपीदुकानाची वेबसाइट भाची सांभाळायची. आठवड्यापूर्वी तिनेच कमेंटसोबत फोटो टाकायची सोय केली होती. गिऱ्हाइकं नवे कोट घालून मिरवतील, असा तिचा भाबडा अंदाज. आले ते तीन फाटके कोट. तिन्हींची बगल उसवलेली. नावं तीन, मजकूर एकच: 'पहिल्याच दिवशी फाटला.' आणि आज दुपारी एक मोठा वाद्यवृंद चाळीस कोटांचं काम कुणाला द्यायचं ते ठरवणार होता. ते गेलं तर दुकानाला टाळं.

मामांनी शिवणाऱ्या मास्तरांना घरी जायला सांगूनही टाकलं होतं.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला? शिवण यांचीच."

मास्तर गळ्यातली टेप काढून नुसते उभे होते. चार वर्षांत एक तक्रार नव्हती बिचाऱ्यांची. भाचीला मामांचा संताप आला.

"चोर सोडून संन्याशाला फाशी नको, मामा. आधी बघू तर द्या."

तिने तिन्ही फोटो मोठे केले. पुढच्या बाजूला बटणांची काजं, रेशमी दोऱ्याने सुबक भरलेली. कडेने पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब टाके.

"हे पांढरं काय?"

"कच्चा टाका," मामा म्हणाले. "कापड सरकू नये म्हणून."

"तो तसाच गिऱ्हाइकाकडे जातो?"

"वेडी की काय! इस्त्री करताना मी स्वतः काढतो. आजवर एक राहिलेला नाही."

"मास्तर, तुमच्या हातून कोट निघतो तेव्हा काजं असतात?"

"नाही ताई. काजं मावशी घरी नेऊन करतात."

"आणि तिथून?"

"थेट इस्त्रीला."

काजवाल्या मावशी खिडकीपाशी बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"म्हणजे हे फोटो काढले तेव्हा कोट गिऱ्हाइकाकडे गेलेच नव्हते," भाची म्हणाली. "कच्चा टाका आहे, म्हणजे इस्त्री व्हायची होती. काजं आहेत, म्हणजे मास्तरांचा हात सुटला होता. मधे कोट एकाच घरी असतात. तिथे बगल उसवली, फोटो काढला, पुन्हा शिवून परत आणला. का, मावशी?"

मावशींनी दोरा दाताने तोडला.

"मास्तरांच्या मशीनवर आधी आमचे हे बसायचे. एका गिऱ्हाइकाने फाटका कोट आणून आपटला आणि तुझ्या मामांनी तासाभरात हाकललं त्यांना. हे सांगत होते, शिवण उसवलेली नाही, ब्लेडने कापलीय. कोण ऐकतंय? पुढे कुणी कामावर ठेवलं नाही. दोन वर्षांत झुरून गेले. मी तोंड मिटून इथेच राहिले, वाट बघत." त्या मास्तरांकडे वळल्या. "तुमच्या बाबतीत मात्र चुकले मी. हा माणूस पुन्हा तेच करणार, हे ओळखायला हवं होतं."

मामांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाई, दुपार व्हायचीय अजून. वाद्यवृंदवाल्यांनी फोटो पाहिलेत, आता पुसून भागणार नाही. तिथे लिहा, फोटो खोटे आहेत म्हणून. पाया पडतो."

मावशींनी पिशवी उचलली.

"तुम्हीच लिहा की. आमच्या ह्यांनीही खरं तेच सांगितलं होतं. बघा, तुमचं कुणी ऐकतंय का."