गिटार : नीलकंठ लांजेवार

लेव्हल घेतल्याशिवाय नरहर देव चहासुद्धा पीत नाहीत, ही त्यांच्या बायकोची जुनी थट्टा. इंदूताई कप पुढे ठेवायच्या, नरहर एक घोट घेऊन थांबायचे, मान हलवायचे आणि मग अर्धा चमचा साखर मागायचे. धंद्यातली सवय अशी घरात येते आणि घरचीच होऊन बसते.

धंदा ध्वनिमुद्रणाचा. रायपूरच्या समता कॉलनीतल्या घराच्या मागच्या खोलीत स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे भिंतींना ठोकलेल्या गाद्या, दाराला दुहेरी पडदा, मधे एक जाड काच. शेजारच्या दवाखान्याचं जनरेटर सुरू झालं की गायक, वादक, रेकॉर्डिस्ट सगळ्यांनी हात आवरून बसायचं. वीज आली की पुन्हा पहिल्यापासून. राज्य नवीन झालं तेव्हा याच खोलीत छत्तीसगढी गाण्यांच्या कॅसेटवर कॅसेट निघाल्या. रोज कोणीतरी नवा गायक दारात उभा असायचा. आणि प्रत्येक गाण्याच्या आधी नरहर लेव्हल घ्यायचे, म्हणजे रेकॉर्डिंगचं बटण न दाबता गाणं एकदा अथपासून इतिपर्यंत वाजवून घ्यायचे. आवाज कुठे चढतो, कुठे पडतो ते बघायचं, कागदावर खुणा करायच्या, मगच बटण. तीस वर्षांत त्यांनी हा नियम मोडला नव्हता आणि याचा त्यांना अभिमान होता.

आता दोन हजार नऊ साल होतं. शहराबाहेर नवी राजधानी खणली जात होती, कॅसेटी कोणी विचारत नव्हतं. गोल बाजारात ज्यांची कॅसेट कंपनी होती त्या हिरालालनी जुन्या सात गाजलेल्या गाण्यांची सीडी काढायचं ठरवलं. सात गाणी, मूळ टेपची सात रिळं. नरहरनी ती मशीनवर वाजवून कॉम्प्युटरवर घ्यायची, एवढंच काम.

त्याच आठवड्यात मंजिरी आली. नीलकंठ लांजेवारची मुलगी. बीरगावच्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करायची, लग्न ठरलं होतं, महिनाभरात राउरकेल्याला जाणार होती.

"काका, बाबांचं एक तरी गाणं द्या मले," ती दारातच म्हणाली. "मी ऐकलंच नाही कधी."

"ऐकलं नाही? अगं, तुझ्या बाबाची गिटार प्रत्येक पानठेल्यावर वाजत होती."

"घरी बाबा कॅसेट लावू नव्हते देत. म्हणे, नाव नाही त्याच्यावर, कोणाले काय सांगायचं?"

हे ती रागाने म्हणाली असती तर नरहरना सोपं गेलं असतं. ती नुसतं सांगत होती. नरहरनी तिला पुढच्या रविवारी बोलावलं.

नीलकंठ गोंदियाकडचा. रेल्वेत कारकून, संध्याकाळी साडेसहाला सायकलवरून यायचा, पाठीला गिटार. बोलणं कमी. रायपुरात त्या काळी निघालेल्या निम्म्या गाण्यांत तो वाजला असेल, पण त्याला ओळखणारी माणसं या खोलीबाहेर नव्हती. कॅसेटच्या आतलं कार्ड नरहर स्वतः लिहून छापायला द्यायचे. त्यात गायिका असायची, गीतकार, संगीतकार, निर्माते हिरालाल, रेकॉर्डिंग नरहर देव, आणि शेवटी 'एवं साथी'. नीलकंठ त्या साथींत.

एकदाच त्याने तोंड उघडलं होतं. नव्या राज्याच्या स्वागताचं गाणं झालं, ज्याची सुरुवातच एकट्या गिटारने होते, तेव्हा त्याने खिशातून एक चिठ्ठी काढून दिली. कारकुनी वळणदार अक्षरात स्वतःचं नाव.

"नरहरभाऊ, या खेपेला जमलं तर पाहा. चुकू नये म्हणून लिहून आणलं."

कार्डावर एका ओळीची जागा होती. नरहरनी तिथे स्टुडिओचा फोन नंबर टाकला. चिठ्ठी खणात गेली. पुढच्या खेपेला टाकू, असं ते नीलकंठला म्हणाले, आणि खरंच टाकणार होते. दोन हजार चारमध्ये नीलकंठ किडनीच्या आजाराने गेला. आपण किती क्षुद्रपणा केला हे नरहरना तेव्हाच कळलं होतं, पण कळून करायचं काय, म्हणून त्यांनी तो विषय मनाच्या माळ्यावर टाकून दिला होता.

सोमवारी सकाळी त्यांनी पहिलं रीळ चढवलं. सवयीप्रमाणे लेव्हल घेतली.

आणि पहिल्यांदाच त्यांनी नीलकंठला ऐकलं. पूर्वी कान मीटरच्या काट्यावर असायचे, गायिकेचा 'स' फुटतोय का त्यावर असायचे. आता घाई नव्हती. गायिका ओळ संपवून श्वास घेते तेवढ्याच जागेत तो वाजवत होता. तीन सूर, फार तर चार. तार दाबून किंचित ओढायचा, आणि तो सूर जिथे जाऊन टेकायचा तिथूनच गायिका पुढची ओळ उचलायची. तिला वाटत असेल आपल्याला चाल सुचते आहे. मधे एका ठिकाणी ढोलक थांबून नुसती गिटार होती, आठ-दहा सेकंद. नरहरना भरून आलं. एवढा मोठा वादक आपल्या समोर काचेपलीकडे बसायचा आणि आपण त्याला 'जरा लवकर' म्हणायचो!

त्यांनी डोळे पुसले, रीळ मागे घेतलं आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

ढोलक होता, बासरी होती, गायिका होती. ती ओळ संपवून थांबत होती आणि त्या जागेत कोणीच काही वाजवत नव्हतं. ढोलक थांबला तेव्हा स्पीकरमधून फक्त टेपची बारीक खरखर आली. कॉम्प्युटरच्या पडद्यावरची रेघ तेवढा वेळ सपाट होती.

नरहर घाबरणारे गृहस्थ नव्हते. जुनी टेप, वरचा आवाज धरणारा मसाला झडला असेल, असं त्यांनी ठरवलं. स्पिरिटने मशीन पुसलं. पण मसाला झडतो तेव्हा सगळाच आवाज जातो, एकट्या गिटारचा जात नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. दुपारी त्यांनी हिरालालना फोन लावला.

"अरे नरहर भैया, उसमें गिटार कहाँ था?" हिरालाल म्हणाले. "बेंजो था, बेंजो।"

"बेंजो नहीं था, हिरालाल भाई।"

"तो कुछ नहीं होगा। पब्लिक गाना सुनती है।"

मंगळवारी दुसरं रीळ. टेप झडत असेल तर लेव्हल घेणं अधिकच गरजेचं, हा नरहरांचा हिशेब. लेव्हलमध्ये गिटार आली, आदल्या दिवसाहून सुंदर. रेकॉर्डिंगमध्ये नाही. बुधवारी मशीनचे पट्टे बदलले, तिसरं रीळ लावलं. पुन्हा तेच. गायिका गप्प राहत होती त्या जागा आता नरहरना ऐकवेनात. चारचौघांत एखाद्याने बोलता बोलता थांबावं आणि कोणी हुंकारही भरू नये, तसं वाटायचं.

गिटार पहिल्या खेपेलाच वाजते हे आता कळलं होतं, म्हणून चौथं रीळ लावलं तेव्हा बटण आधीच दाबायचं असं त्यांनी मनाशी घोकलं होतं. हात मशीनपाशी गेला आणि गाणं सुरू झालं. कडवं संपता संपता लक्षात आलं की बटण वरच आहे, दाबलंच नाही. तीस वर्षांचा हात, तो मालकाचं ऐकत नाही.

पाचव्याच्या वेळी तेच झालं. सहाव्याच्या वेळी तर त्यांनी बटणावर चिकटपट्टीचा लाल तुकडा लावला होता, आणि गिटार सुरू झाल्यावर तो तुकडा दिसला. तेव्हा मात्र ते थांबले नाहीत. जाणारच आहे तर निदान ऐकू, असं म्हणून शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि मूल रडावं तसे रडले.

त्यांना नीलकंठचं एक जुनं बोलणं आठवलं. त्याचं सगळ्यात चांगलं वाजवणं नेहमी लेव्हलच्या वेळी व्हायचं. "भाऊ, आता आलं ना, ते पुन्हा नाही येत," तो काचेपलीकडून म्हणायचा. नरहर म्हणायचे, "ते लेव्हलचं होतं. आता वाजव."

सातवं रीळ नव्या राज्याच्या गाण्याचं होतं. त्याला त्यांनी हात लावला नाही.

रविवारी दुपारी मंजिरी आली. इंदूताई तिला मागच्या खोलीत घेऊन आल्या, पोह्यांची बशी ठेवून गेल्या. नरहरनी टेबलावर नवीन कार्डाचा मजकूर ठेवला होता. सगळ्यात वर, गायिकेच्याही आधी, लिहिलं होतं 'गिटार : नीलकंठ लांजेवार'. शेजारी ती जुनी चिठ्ठी.

"हे बाबांचं अक्षर आहे," मंजिरी म्हणाली.

"जागा होती, बेटा. एक ओळ होती. मी फोन नंबर टाकला तिथं." नरहरना तिच्याकडे बघवेना. "माझं चुकलं. फार चुकलं."

"बाबांले माहीत होतं, काका. कॅसेट आली तवा त्यांनी कार्ड उघडून पाहिलं अन् परत घडी करून ठेवलं."

बाहेर दवाखान्याचं जनरेटर बंद झालं. नरहरनी कागदावरची आदल्या रिळाची खूण पुसली, उगीचच. त्यांनी उजवं मनगट डाव्या हाताने धरलं आणि आधी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. लेव्हल न घेता. मग रीळ सोडलं.

"एकट्या गिटारनं सुरू होतं," ते हळूच म्हणाले. "वीस-बावीस सेकंद. ऐक."

खरखर आली.

पाच सेकंद. दहा. पडद्यावरची रेघ सपाट होती.

पंधरा. लेव्हल घेतली नव्हती. एकदाही वाजवलं नव्हतं. हे तरी राहायला हवं होतं.

ढोलक सुरू झाला, गायिका आली. ओळ संपली, ती थांबली. काही नाही.

"मंजिरी," ते म्हणाले, "मले माफ कर, पोरी. ही पण गेली." आणि त्यांनी मशीन बंद करायला हात पुढे केला.

तिने त्यांचा हात धरला.

"थांबा ना. काहून बंद करता?"

तिचे डोळे मिटलेले होते. गालांवर पाणी होतं आणि ती हसत होती. पायाचा अंगठा फरशीवर ठेका धरत होता.

"किती छान वाजवून राहिले, काका," ती म्हणाली.

नरहर रेघेकडे बघत होते. गायिकेने दुसरी ओळ संपवली. त्या रिकाम्या जागेत मंजिरी गुणगुणली. तीन सूर, शेवटचा किंचित ओढलेला. तो जिथे टेकला तिथूनच गायिकेने पुढची ओळ उचलली.

हे गाणं तिने कधी ऐकलं नव्हतं.

पुढच्या जागेतही ती गुणगुणली. त्याच्या पुढच्याही. एकदासुद्धा चुकली नाही. नरहर पुढे वाकले, कान स्पीकरच्या जाळीला टेकवला. ढोलक, बासरी, गायिका. मधे खरखर.

"कसं वाजतंय?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज भिकाऱ्यासारखा झाला होता. "मले सांग ना. कसं वाजतंय?"

ती ठेक्यावर मान हलवत राहिली.

गाणं संपलं. टेपचं टोक मशीनमधून निसटलं आणि भरलेलं रीळ फिरताना ते टोक फट्‌ फट्‌ आपटायला लागलं. आता मशीनमध्ये वाजायला काही नव्हतं.

नरहरनी मशीन बंद केलं. लाल दिवा गेला. खोलीत आवाज उरला नाही.

मंजिरीने डोळे उघडले. ती काचेकडे बघत होती, पलीकडच्या रिकाम्या खोलीकडे.

"काका, बाबा तुमाले विचारून राहिले."

नरहरनीही काचेकडे पाहिलं.

"म्हणून राहिले, नरहरभाऊ, आवाज येऊन राहिला का?" ती थोडं थांबली, ऐकल्यासारखं. मग काळजीच्या सुरात म्हणाली, "सांगा ना त्यांले. किती वेळचे विचारून राहिले."