वजा केलेला उजेड

भर बाजारात उभं राहून कुणाची तरी कुजबुज ऐकायची, तसलाच प्रकार होता तो. शहराच्या मधोमध गच्ची, चहूकडे रस्त्यांचे दिवे, जाहिरातींचे फलक, समोरच्या इमारतीच्या खिडक्या, आणि या गृहस्थाला फोटो काढायचा होता दीर्घिकेचा. धंद्याने कवळ्या बनवणारा माणूस. दिवसभर लोकांच्या हिरड्यांचे साचे घासायचे आणि अंधार पडला की दुर्बिणीला डोळा लावायचा. शेजारी त्याला तारेवाला म्हणत. त्याची थोरली बहीण, आक्का, म्हणायची, "दिवसा तारे तोडतोस तेवढे पुरत नाहीत वाटतं?"

आक्का त्याच्याकडे राहायला आली ती त्याची बायको गेल्यावर. बायको गेली आणि त्याला रडूच आलं नाही. दाढ काढताना भूल देतात ना, तसं आतून बधिर झालं ते झालंच. जेवण गिळायचं, काम उरकायचं, झोपायचं. आक्का डाफरली की तेवढ्यापुरतं काहीतरी हलायचं. आणि ती डाफरायचीही अगदी मनापासून, ओल्या टॉवेलवरून, न पुसलेल्या बुटांवरून. ते त्याला हवं असायचं, पण तसं त्याने तिला कधी सांगितलं नाही.

फोटोची रीत अशी. एकच दीर्घिका शेकडो वेळा टिपायची आणि ते सगळे फोटो संगणकात एकावर एक रचायचे. तरीही वर शहराच्या दिव्यांची तांबूस साय उरतेच. मग त्या सायीवर ठिकठिकाणी ठिपके ठेवायचे, हा उजेड आकाशाचा नव्हे असं संगणकाला सांगायचं, आणि तेवढा वजा करायचा. सगळे हौशी लोक हेच करतात. यात जादूटोणा काही नाही.

त्या हिवाळ्यात त्याने आधी फोटोच्या डाव्या कडेची लाली वजा केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर गेला, तर डावीकडचा मोठा जाहिरातफलक बंद. बिघडला असेल म्हणून सोडून दिलं. मग उजवी कड साफ केली, आणि पेट्रोल पंपामागची दिव्यांची अख्खी ओळ विझली. फोटो मात्र सुधारत चालला. बरंच झालं, असं त्याच्या मनात आलं आणि गेलं.

नंतर खालची कड. ती लाल व्हायची समोरच्या इमारतीमुळे. तिथे वकीलसाहेब राहत. नवरा-बायकोची भांडणं अशी रंगायची, की गच्चीवर बसून याने निकाल द्यावा. ती कड पुसली, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या खिडक्या काळ्या होत्या, आणि आवाजही नव्हता. त्याला काही ते बरं वाटेना. तो रस्ता ओलांडून त्यांच्याकडे गेला.

दार वकीलसाहेबांनीच उघडलं. आत मिट्ट काळोख. जिन्यातल्या दिव्याची तिरीप आत गेली तेवढीच. वकिलीणबाई सोफ्यावर बसून सुईत दोरा ओवत होत्या. पहिल्याच खेपेला ओवला.

लाईट गेलीय का, असं त्याने विचारलं. नाही, आहे की, असं वकीलसाहेब म्हणाले, आणि फार सौजन्याने म्हणाले. एरवी हा माणूस पाठीत थाप घालून विचारायचा, काय तारेवाले, सापडला का वर एखादा भाडेकरू? आता तो जाईपर्यंत ते दारात नुसते उभे राहिले.

वर येऊन त्याने जुने फोटो ओळीने तपासले. ज्या बाजूची लाली पुसली, तीच बाजू अंधारली होती. एकदाही चुकलं नव्हतं. आपण घाबरायला हवं, हे त्याला समजत होतं. भीती काही येत नव्हती.

फोटोत आता एकच डाग उरला होता. वरच्या कोपऱ्यात, पिवळसर, नखाएवढा. तो कुठला, हे शोधावं लागलं नाही. गच्चीच्या खालीच त्याचं आणि आक्काचं स्वयंपाकघर. तिथल्या खिडकीचा उजेड कठड्यावर आपटून दुर्बिणीत शिरायचा. आणि दीर्घिकेची सगळ्यात फिकट भुजा नेमकी त्या डागाखाली दडलेली.

जेवताना त्याने आक्काला सांगितलं, तुझा दिवा येतो फोटोत.

"मग मी अंधारात भाजी चिरू? बोट तुटलं तर बसवून देशील का नवीन, दातासारखं?"

तो हसला. बायको गेल्यापासून बहुधा पहिल्यांदाच. डाग राहू द्यायचा, हे त्याने तिथेच ठरवलं. हिला काही झालं तर आपल्यात काहीच उरणार नाही, हे त्याला स्वच्छ कळत होतं.

काही दिवस त्याने तो राहू दिलाही. मग एका संध्याकाळी गच्चीवरच्या खोलीत, नुसतं बघू तरी, म्हणून त्याने डागावर ठिपका ठेवला आणि वजा केलं.

भुजा उमटली. निळसर, धुरकट, वळत वळत चौकटीबाहेर गेलेली. त्याच्या छातीत दुखलं. खरंखुरं दुखलं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते थांबेना.

मग तो भानावर आला. घाईघाईने त्याने केलेलं मागे घेतलं. डाग परत जागेवर आला. काही जतन न करता त्याने संगणक बंद केला आणि धावत खाली गेला.

स्वयंपाकघरात अंधार होता. फळीवर सुरी चालत होती.

"आक्का?"

"आलास? तुझ्या फोटोत येतो म्हणालास ना, म्हणून मीच बंद ठेवला होता. लाव बाई आता, डोळे फुटायची वेळ आली."

त्याच्या जिवात जीव आला. हसू की रडू, असं झालं त्याला. भिंत चाचपत त्याने बटण दाबलं.

अंधार तसाच राहिला. मागे बाहेरच्या खोलीतला दिवा चालू होता.

"हं, आता कसं लख्ख दिसतंय," आक्का म्हणाली.

सुरी थांबली. ती त्याच्याकडे बघत होती. बराच वेळ, नीट निरखून.

"बसा ना तुम्ही," ती अदबीने म्हणाली. "माझा भाऊ वर गच्चीवर आहे. येईलच एवढ्यात."

तो बसला. थोड्या वेळाने वर कुणीतरी खुर्ची सरकवली.