दगड मोजायचा दोरा

सिरोंच्याच्या बाजारात मोहफुलं विकली, की सुकरी मागंपुढं न बघता जंगलातली घरची वाट धरायची. त्या चैतात मात्र ती गिरजाघराकडे वळली. कनवटीला गाठ मारलेला एक दोरा होता.

तिचा जंगू मिशनच्या शाळेत शिकला, तिथूनच पलटणीत गेला आणि मोठ्या लढाईत ब्रह्मदेशात हरवला. त्याला दहा-बारा वर्षं झाली, हाडही परत आलं नाही. सुकरीच्या लोकांत मेलेल्यासाठी गावकुसाबाहेर दगड रोवतात. जीव घरी येऊन सुखावला की दगड वाढतो. जंगूचा दगड तिनं कितीदा मोजला, पण हट्टी पोरासारखा तो जागचा हलला नाही. पोरगा मेला हे दुःख तिनं कधीच गिळलं होतं. तो अजून बाहेर अंधारात फिरतोय, हे काही गिळवत नव्हतं.

गेल्या साली गिरजाघराच्या भिंतीत हरवलेल्या शिपायांच्या नावांचा दगड बसवला, त्यात जंगूचंही नाव होतं. तेव्हाच सुकरीनं तो मोजून दोऱ्याला गाठ मारली होती.

"भिंतीतला दगड कसा वाढन, बाई?" राखणदार इसरू हसला. त्याच्या भावाचं, बुधूचं नावही तिथंच होतं. रोज सकाळी तो त्यावरून फडकं फिरवायचा.

सुकरीनं दोरा लावला. दगड गाठीच्या बोटभर पुढं गेला होता. खालचा चुना तडकून फरशीवर पडला होता. इसरूचं हसू विरलं.

"तो इथी येऊन अडकला, भाऊ... मी नेतो त्याले घरी."

दिवेलागण झाली होती. दिवा लागल्यावर मेलेल्याचं नाव घ्यायचं नाही आणि त्याला नेताना मागं वळायचं नाही, ही तिच्या लोकांची रीत. म्हणून दाराशी ती एवढंच म्हणाली, "चाल रे पोरा... माय आली."

सागाच्या वाळल्या पाचोळ्यावर तिच्यामागं बूट वाजू लागले. सुकरीला रडू फुटलं, आनंदाचं. मग दुसरे बूट वाजले. कुणीतरी लंगडत होतं. बरंच मागं कुणी खोकलं, आणि गाठायला धावू लागलं. ऐन चैतात ओल्या चिखलाचा वास आला.

ती थांबली. सगळे थांबले.

आता तिला आपली चूक कळली. कुणाची माय आली, हे तिनं सांगितलंच नव्हतं. परत पाठवायचं तर वळावं लागणार, आणि वळलं तर जंगूही जाणार. तिला भीती वाटली. पण एवढ्या वर्षांत यांना कुणी हाकच मारली नसेल, असं मनात आलं आणि तिचा जीव कळवळला.

"या..." ती म्हणाली. "सगळेच या."

दुसऱ्या दिवशी दुपारी इसरू धापा टाकत तिच्या दारात उभा.

"बाई, गिरजाघर रितं वाटून राह्यलं. रोज धूळ पुसताना कोणी जवळ असल्यावानी वाटे... आज नाई. माहा भाऊ तुमच्याकडं आला काय?"

सुकरी त्याला गावकुसाबाहेर घेऊन गेली. जंगूचा दगड वीतभर वर आला होता. भोवतीची करकरीत कोरडी जमीन जागोजाग फुटली होती, आणि प्रत्येक फटीतून एकेक दगडाचं टोक डोकावत होतं, चिखलानं ओलं.

"यातला माहा कोणता?"

"मले काय ठाऊक, भाऊ? मी मांगं पाह्यलं नाई."

इसरू खाली बसला. खांद्यावरचं फडकं काढून रोजच्या सवयीनं एकेक टोक पुसू लागला. पहिलं पुसलं, दुसरं पुसलं. तिसऱ्यावर फडकं फिरवलं, तसा तो दगड त्याच्या हाताखाली हळूच वर सरकला.