चार वेळा थांबलेली गाडी

"कंट्रोलर तू धर!" असं म्हणून मामांनी छोटी आगगाडी चालवायचं ते यंत्र चक्क साहेबाच्या हातात दिलं!

खारूताईच्या हातातला झाडांचा खोका पडता पडता राहिला. सुट्टीचे एकवीस दिवस तिने मामांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत घालवले होते. स्पंजची दोनशे झाडं कापून रंगवली, रुळांखाली बारीक खडी चिकटवली, टेबलाखाली तुरुतुरु शिरून वायरी जोडल्या. त्या तुरुतुरु धावण्यावरूनच तिला हे नाव पडलं होतं. आणि हा मावसभाऊ चार दिवसांपूर्वी कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला काय, सगळे त्याला साहेब म्हणायला लागले काय, आणि आता थेट ड्रायव्हर!

"त्याचा हात हलका आहे गं," मामा म्हणाले.

खारूताईच्या नाकाचा शेंडा लाल झाला.

मांडणी आज सकाळीच प्रदर्शनाच्या हॉलमध्ये आणली होती, आणि अकराला परीक्षक येणार होते. साडेनऊला गाडी सुटली. इंजिन आणि सहा डबे स्टेशन सोडून वळणावर आले, आणि टक्कन थांबले! कंट्रोलरवर लाल दिवा लागला.

"जोरात पळवलीस!" शेजारचा मुलगा भोंगा ओरडला. त्याला हळू बोलताच येत नसे.

"नाही रे, अगदी हळू होती!" साहेब म्हणाला.

दुसऱ्यांदा गाडी पुलावर थांबली, तिसऱ्यांदा बोगद्यात, चौथ्यांदा स्टेशनातच.

"पोरांच्या हाती दिल्यावर दुसरं काय होणार!" हातातलं स्टेपलर नाचवत सजावटवाले काका म्हणाले.

मामा वैतागले. "अजून एकदा थांबली, तर कंट्रोलर खारूताईकडे!"

खारूताईचं मन आनंदाने नाचलं. थांब, बाई, थांब एकदाची! तिने मनातल्या मनात गाडीला विनवलं. पण तेवढ्यात तिला काहीतरी आठवलं. चारही वेळा भोंगा गाडी बघायला टेबलाच्या त्याच कोपऱ्यावर रेलला होता!

ती झटकन टेबलाखाली शिरली. आज सकाळीच काकांनी टेबलाभोवती निळी झालर ठोकली होती. कोपऱ्यातली एक पिन फळीऐवजी थेट दुहेरी वायरीत घुसली होती. कुणी रेलून झालर ताणली की पिन दोन्ही तारांना टेकणार आणि शॉर्टसर्किट होऊन गाडी थांबणार!

सापडलं! पण खारूताई तिथेच बसून राहिली. गप्प राहिलं, की कंट्रोलर आपला. बाहेर साहेबाचे चकचकीत बूट चुळबुळत होते. त्याचा आवाज रडवेला झाला होता. तिला बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं!

"मामा," तो म्हणाला, "वायरी खारूताईने जोडल्यात, त्या चुकणार नाहीत. माझंच काहीतरी चुकत असेल."

खारूताईचे कान तापले. ती सरपटत बाहेर आली.

"मामा, झालरीची पिन वायरीत घुसलीय!"

"माझी पिन?" काका उखडले. "वीस वर्षं झालरी लावतोय मी! कधी एक पिन वाकडी गेली नाही!"

खारूताईने भोंग्याच्या कानात काहीतरी सांगितलं. साहेबाने गाडी सोडली.

"काका!" भोंगा गरजला. "या कोपऱ्यात झालर सैल पडलीय हो! परीक्षक नावं ठेवतील!"

"सैल? शक्यच नाही!" काकांनी झालर ताणली. टक्कन गाडी थांबली! सोडली, गाडी चालू. पुन्हा ताणली, गाडी पुन्हा थांबली!

"अजून एकदा, काका!" मुलं ओरडली. सगळा हॉल हसायला लागला. काकांनी कान पकडले आणि स्वतःच्या हाताने पिन उपटली.

परीक्षकबाई आल्या, तेव्हा गाडी मिनिटाला एक फेरी मारत होती. बराच वेळ ती एकदाही अडखळली नाही. "इतकी नेटकी जोडणी मोठ्यांच्या मांडणीतही पाहिली नाही," असं म्हणत त्यांनी पहिला क्रमांक दिला. मामांनी सगळ्यांसमोर खारूताईची पाठ थोपटली. "दोष शोधायला डोकं लागतं, आणि सांगायला मन. माझ्या भाचीकडे दोन्ही आहे!"

ती मात्र अवघडली. साहेबाला बाजूला घेऊन म्हणाली, "मला आधीच कळलं होतं. मुद्दाम गप्प बसले होते."

साहेब खो खो हसला.

"मी तर तासभर गप्प बसलो असतो! वायरी तुला जोडता येतात आणि मला एकही येत नाही, म्हणून चार दिवस तुझ्यावर जळतोय मी!"