हाकेची रीत

दुपारी अडीचला नळ आधी खाकरला, मग दोनदा नुसती हवा टाकली, आणि घरातली शांतता मोडली. रत्नमाला धावली. नळाच्या तोंडाला फडकं गुंडाळून तिनं बादली सरकवली, म्हणजे धार आवाज न करता उतरेल. सतरंजीवर पाच वर्षांची मैत्री झोपली होती. लेक झोपायची तो दीड तास तेवढा रत्नमालाचा. सकाळी पंचवटीतली मुलींची शाळा, संध्याकाळी स्वयंपाक, मधल्या दीड तासात काय ते.

सातपूरच्या कॉलनीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत सध्या दोन संगणक होते. बाहेरच्या खोलीत टीव्हीला जोडलेला छोटा, रबरी बटणांचा, पाटीपेक्षा जरासा मोठा. तो भावानं कुवेतहून आणला होता. स्वयंपाकघरात धान्याच्या कोठीवर शाळेचा मोठा, फ्लॉपीच्या पेटीसकट. दोघांमध्ये बारा फूट वायर, कपड्यांच्या दोरीच्या खिळ्यांवरून नेलेली. छोट्याच्या टेपरेकॉर्डर लावायच्या भोकातून निघालेली ती वायर मोठ्याच्या टेपच्या सॉकेटात शिरत होती. इतकंच तिचं जाळं.

शाळेत बासष्ट मुली आणि संगणक एक. एका मुलीच्या वाट्याला आठवड्यातून चार मिनिटं. संस्थेचे चेअरमन बहिरूअण्णा म्हणाले होते, "एवढ्यासाठी तो इथं कशाला? मुलांच्या शाळेत पाठवू."

"मी माझा आणते, अण्णा. दोन्ही जोडते. एका फ्लॉपीवर दोन चालतील, पुढं चारही चालतील."

"पगारेबाई, दोन वेगळ्या जातीची यंत्रं. एका वायरीवर बोलतील?"

स्टाफरूममध्ये कुणीतरी खोकलं. रत्नमालानं पदर खोचला. "जात माणसांनी काढली, अण्णा. यंत्रांना कुणी सांगितलेली नाही अजून."

अण्णांनी शनिवारपर्यंतची मुदत दिली, आणि तोवर मोठा संगणक घरी न्यायची परवानगी. नाही जमलं, तर रविवारी संगणक मुलांच्या शाळेत.

आता दोघांचा वेग वेगळा. मोठा फ्लॉपीत गुंतलेला असताना छोट्यानं बोलायला सुरुवात केली, की निम्मा मजकूर वाऱ्यावर. म्हणून तिनं नियम घातला. छोट्यानं आधी हाक मारायची, म्हणजे वायरीवर एक बारीक चिर्र. मोठा मोकळा असेल तर त्यानं ओ द्यायची, आणि मगच छोट्यानं एक ओळ पाठवायची.

"पहिल्याच हाकेला ओ?" उंबऱ्यात लसूण सोलत बसलेल्या मालनबाईंनी विचारलं. सासूबाईंना यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण सून बोलत बोलत काम करायची आणि त्या सगळं ऐकायच्या.

"हो, आत्याबाई."

"तीन होऊ दे. पहिल्या हाकेला ओ देऊ नाय. आपलं माणूस असलं तर तीनदा मारतं. दुसरं काय असलं तर एकदाच."

"छप्पन साली देव गोदावरीत सोडले म्हणता, आणि हे कुठून काढलंत?"

"देव सोडले, भुतं बी सोडली. हाकेची रीत नाय सोडली. ती देवाची नव्हतीच." मालनबाईंनी सालं फुंकली. "सायखेड्याला नदीकाठानं जाताना समदे पाळायचे. आमचे बी आन् पाटलाचे बी."

रत्नमाला हसली. "तीनतीनदा हाका मारत बसले, तर बासष्ट जणींचा तास हाकांतच जायचा."

तिनं पहिल्या हाकेलाच ओ ठेवली.

बुधवारी तिनं वीस ओळी पाठवल्या. मुलींचीच नावं, हजेरीतली. छोट्यानं मोजलं, हाका वीस. मोठ्यानं मोजलं, दिलेल्या ओ एकवीस.

वायरीचा एखादा टाका सुटला असेल. तिनं डाख द्यायची तापती सळई काढली, सगळे टाके निगुतीनं पुन्हा घातले. शेजारच्या कुसाबाईंना तासभर मिक्सर लावू नका म्हणून सांगून आली.

गुरुवारी हाका वीस, ओ सव्वीस. आणि यादीत भोकं पडली. छोट्याला ओ दिल्यावर मजकूर यायच्या आत मधेच कुणाची तरी हाक आली, की मोठा तिलाही ओ द्यायचा आणि तेवढ्यात छोट्याची ओळ निसटायची. सहा मुलींच्या जागी सहा कोऱ्या ओळी.

त्या कोऱ्या ओळी बघून तिला भीतीच्या आधी राग आला.

शुक्रवारी तिनं ट्रान्झिस्टरचा कानात घालायचा बोळा वायरीला जोडला आणि ऐकत बसली. छोट्याची हाक ओळखीची होती, कोरडी, सरळ, दर वेळी तंतोतंत सारखी. चौथ्या आणि पाचव्या हाकेच्या मधे आणखी एक आली. जरा खालच्या सुरात, सावकाश. शेवटाला किंचित वर उचललेली, लांबच्या माणसाला साद घालताना आवाज उचलतात तशी.

मोठ्यानं तिला ओ दिली.

तिनं छोट्याकडची वायर काढली. टीव्ही बंद केला. वायरीचं टोक फरशीवर लोंबत होतं.

हाक आली. मोठ्यानं ओ दिली.

मग तिनं मोठ्याकडचंही टोक उपटलं. वायर हातात गुंडाळली, डब्यात टाकली, झाकण लावलं. आता ऐकायला काही उरलं नव्हतं, बघायला फक्त पडदा होता. पडद्यावर ओ चा आकडा एकनं वाढला. थोडं थांबून आणखी एकनं.

दर वेळी एकच हाक. कधीच लागोपाठ दोन नाहीत.

"कोण आहे?" ती मोठ्यानं म्हणाली. सतरंजीवर मैत्री कुशीवर वळली. रत्नमालानं आवाज खाली आणला, पण शब्द दातांखालून काढले. "जे कोण असशील ते. या जागा मुलींच्या आहेत. एकही देणार नाही."

तिनं खुर्ची ओढली आणि नियम बदलला. लागोपाठ तीन हाका, ठरलेल्या अंतरानं, तरच ओ. एकटी हाक आली तर गप्प बसायचं.

दारात मालनबाई उभ्या होत्या. टोमणा येईल असं तिला वाटलं.

"मी घाबरून नाही केलं, आत्याबाई."

"घाबरून करायचंच नसतंय ते," मालनबाई म्हणाल्या. "आपलं दार आपल्या हातात ऱ्हावं म्हणून करायचं."

त्यानंतर ओ चा आकडा जागचा हलला नाही.

शनिवारी शाळेत बासष्टच्या बासष्ट नावं एका यंत्रातून निघाली आणि दुसऱ्यात पोचली, एकही कोरी ओळ न पडता. बहिरूअण्णा पडद्यावर बोट ठेवून एकेक नाव वाचत गेले. शेवटी म्हणाले, "हळू चालतं हो."

"हळू चालतं, पण पोचतं."

मागच्या बाकावरची एक मुलगी फिसकन हसली आणि मग सगळा वर्ग. अण्णांनी सही केली. मोठा संगणक मुलींच्याच शाळेत राहिला. छोटाही तिनं तिथंच ठेवला, वायरीसकट. बसमधून येताना तिनं पावशेर जिलबी घेतली आणि कागदाला तेल सुटेपर्यंत छातीशी धरून बसली.

सोमवारी दुपारी घर मोकळंमोकळं वाटत होतं. मालनबाई सायखेड्याला गेल्या होत्या. रत्नमाला मोरीत भांडी विसळत होती. लेक झोपली होती.

"ओऽऽ!"

बाहेरच्या खोलीतून. मैत्रीचा आवाज, झोपेनं जडावलेला.

रत्नमाला ओल्या हातांनी उठली. "काय गं? मी नाही हाक मारली."

स्टूल सरकल्याचा आवाज आला.

ती धावली.

मैत्री स्टुलावर चढली होती. दाराची वरची कडी काढलेली होती. दार चारच बोटं उघडं होतं, आणि त्या फटीतून दुपारचा रिकामा जिना दिसत होता.

रत्नमालानं दार लोटलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. "माझ्या घरात नाही," ती दाराकडे न बघता म्हणाली. "इथं नाही." मग लेकीला उचलून कडेवर घेतलं. तिचं अंग झोपेनं गरम होतं. केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता.

"कशाला दिलीस ओ, बाळा?"

"पहिल्यांदा नाही दिली." मैत्रीनं तिचा गाल आपल्याकडे वळवला. "दुसऱ्यांदा पण नाही दिली. आधी ते एकदाच मारायचं, मग मी गप्प बसायची. आज तीनदा मारली."

रत्नमालानं मागे हात नेऊन कडी पुन्हा चाचपली.

"आजी म्हणते, तीनदा मारतं ते आपलंच माणूस असतं," मैत्री म्हणाली. "मग आई, ते आपलं कोण?"